चावलेला सात नंबर

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या कंपनीतली चोरी उघडकीला आली. चोरीला गेलं काय, तर एका कुत्र्यानं नव्वद दिवस चावलेलं निळं रबर.

हसू येतंय ना? येऊ द्या. पण त्या सकाळी आमच्या शेडमध्ये कुणाला हसू येत नव्हतं. श्रद्धा उघड्या कपाटासमोर उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"शालनमावशी, सात नंबर गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे? त्याला काय पाय फुटले?"

"बॉक्ससकट गेला. कुलूप होतं तसंच आहे. शुक्रवारी मी स्वतःच्या हातानं आत ठेवला होता."

मी तिला बाजूला सारून स्वतः बघितलं. वरच्या फळीवर तिची ड्रॉइंग्ज, मधल्या फळीवर रबराचा कडकपणा मोजायचं मीटर, खालची फळी मोकळी. मी वाकून कपाटाखाली बघितलं, मागे हात घालून चाचपलं. एक वाळलेला पेन हाताला लागला, बाकी काही नाही.

मी शालन ओव्हाळ. राहते रहाटणीला, नोकरी महाळुंग्याला, चाकणच्या अलीकडे. आमची रबराचे पार्ट बनवणारी छोटी कंपनी आहे आणि तिथे चोवीस वर्षं मी शेवटच्या तपासणीला बसते. माझ्या टेबलावरून पास झाल्याशिवाय एक नग गेटबाहेर जात नाही. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, काहीही म्हणतात.

"तीन वाजता मॅडम येणार," श्रद्धा म्हणाली. "मी त्यांना दाखवू काय, मावशी?"

२

आता हे चावलेलं रबर एवढं मोलाचं का, ते आधी सांगते.

आमच्याकडे पूर्वी फक्त गाड्यांचे बुश व्हायचे. बुश म्हणजे रबराची जाड बांगडी. ती गाडीखाली बसते आणि खड्ड्यांचे धक्के खाते. चाकणचे रस्ते असे, की आमच्या मालाला कधी मरण नव्हतं. गेटवरच्या कुत्र्याला या बुशांचं लहानपणापासून वेड. रिजेक्ट झालेला बुश उचलायचा आणि दिवसभर चघळत बसायचा, म्हणून त्याचं नाव बुश्या. या बुश्यानं आजवर वॉचमनच्या तीन चपला, कंपनीच्या बसची एक सीट आणि मालकांच्या हेल्मेटचा पट्टा फस्त केला. आमचा बुश मात्र त्याला कधी फुटला नाही.

हे बघितलं सगळ्यांनीच, पण डोक्यात प्रकाश पडला तो एकट्या श्रद्धाच्या. डिझाइन शिकून ती आमच्याकडे लागली आणि थेट मालकांकडे, ज्ञानेश सरांकडे गेली. "सर, बुश्याला जे कळतं ते आपल्याला का कळू नये? आपण कुत्र्यांची खेळणी करू."

बोलायला सोपं, करायला महाकठीण. गाडीचं रबर काळं, काजळी घातलेलं. ते जनावराच्या पोटात जाऊन कसं चालेल? तिने झाडाच्या चिकाचं स्वच्छ रबर आणलं. पहिला नमुना इतका कडक झाला, की नख दाबलं तर खूण उठेना. ज्यावर नखाची खूण उठत नाही, त्यावर कुत्र्याचा दात मोडतो. दुसरा इतका मऊ, की माझा चहा संपायच्या आत बुश्यानं त्याच्या चिंध्या केल्या. तिसऱ्याला एकच भोक होतं. आत जीभ गेली, की हवा ओढली जाऊन जीभ अडकते, म्हणून हवेला दुसरं बारीक भोक पाडावं लागलं. चौथा आणि पाचवा लाल केला, कारण सर म्हणाले, लाल रंग दुकानात उठून दिसतो. बुश्याला तो गवतात दिसेचना. कुत्र्याला लाल आणि हिरवं सारखंच, निळं आणि पिवळं तेवढं नीट दिसतं. सहावा निळा केला, तर त्याला कडेनं चीर गेली.

मग आला सात नंबर. निळा, शिंगाड्याच्या आकाराचा, टाकला की कुठे उसळेल याचा नेम नाही. बुश्या तर वेडापिसा झाला!

स्वप्नाली मॅडम म्हणून आहेत, त्यांची कुत्र्यामांजरांच्या सामानाची दुकानं गावोगावी आहेत. त्यांनी अट घातली. श्रद्धा प्रत्येक नमुन्याच्या तळाशी आकडा टाकायची, सात नंबरच्या आकड्याशेजारी मॅडमनी आपल्या हाताने तारीख डागली आणि म्हणाल्या, "नव्वद दिवस हाच नग या कुत्र्याला द्या. फाटला नाही, तर तुमचं डिझाइन घेते. फाटला, तर परदेशातला तयार माल मागवते." शुक्रवारी नव्वद दिवस भरले. सात नंबरवर दातांच्या खुणाच खुणा होत्या, पण एक टवका उडाला नव्हता. असा नग परत कुठून आणणार?

आणि श्रद्धा कोण, तर आमच्या केसरबाईंची लेक. साच्यातून निघालेल्या रबराला कडेनं पातळ झालर राहते, तिला फ्लॅश म्हणतात. केसरबाई बावीस वर्षं ब्लेडनं फ्लॅश कापतायत. बावीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगचे पार्ट त्यांच्या हातातून गेले. लेकीच्या ड्रॉइंगचा पार्ट आता पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर येणार होता. सात नंबर मिळाला नाही, तर ते ड्रॉइंग कायमचं खणात जाणार होतं. त्या सकाळी कुणाला हसू येत नव्हतं ते यासाठी.

३

"पोलिसांना बोलवू का?" ज्ञानेश सरांनी विचारलं.

"आणि सांगणार काय? कुत्र्याचं उष्टं चोरीला गेलं?"

सरांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "शालनबाई, चोवीस वर्षं तुम्ही आमच्या चुका शोधताय. हीसुद्धा तुम्हीच शोधा. तीनच्या आत."

मी पदर खोचला आणि थेट प्रेसवर, म्हणजे रबर साच्यात दाबून शिजवायच्या मशिनवर गेले. तिथे समाधान होता, लातूरकडचा पोरगा, कामाला वाघ. पण शिंगाड्यावर त्याचा राग होता. बुश सहा मिनिटांत शिजतो, हा जाडजूड शिंगाडा शिजायला चौदा मिनिटं घेतो. समाधानचं रोजचं टार्गेट त्यानं कोलमडणार. "हा शिंगाडा गेला तर सुटलो," असं शुक्रवारीच तो कँटीनमध्ये म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

मला बघताच त्याच्या कपाळावर घाम आला. "बाई, ते शनिवारी..."

"शनिवारचं शनिवारी! मी विचारते तेवढंच सांग. सात नंबरचं खेळणं तू उचललंस का?"

"खेळणं? नाही बाई."

"कुठे दिसलं का?"

"खेळणं तर नाही दिसलं. पण मी काय म्हणायलो..."

"तू काही म्हणू नकोस, प्रेस बघ. माल करपेल."

तो तोंड मिटून प्रेसकडे वळला. खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. पण काहीतरी लपवत होता, हेही कळत होतं.

मग टूलरूमला गेले. टूलरूम म्हणजे साचे दुरुस्त करायची खोली, तिथे ज्योतीराम तात्यांचं राज्य. तात्या इथल्याच गावचे, तीस वर्षं लेथवर लोखंड कातून देतात. त्या दिवशी दाराला कुलूप होतं. नातवाच्या दाखल्यासाठी तात्या रजा टाकून राजगुरुनगरला तहसीलमध्ये गेले होते. मी फोन लावला.

"तात्या, श्रद्धाचं कुत्र्याचं खेळणं हरवलंय. तुम्ही कुठं बघितलं का?"

"न्हाई बा. खेळण्याशी माजा काय संबंध? उलट माजीच हरवलेली वस्तू गावली. तुमीच धाडली शनिवारी. लई उपकार झाले बगा, शालनबाय."

तात्यांच्या हत्यारांचं कौतुक ऐकायला मला वेळ नव्हता. मी फोन ठेवला.

राहिल्या केसरबाई. आता आईवर कोण संशय घेणार? पण तपासणीवाल्यानं नातं बघायचं नसतं. मी टेबलाशी गेले, तर त्यांनी मान वर केली नाही. हातातलं ब्लेड मात्र रोजच्या दुप्पट वेगानं चालत होतं.

"केसरबाई, सात नंबर..."

"मी कशाला हात लावू त्या लाळेच्या गोळ्याला? शी!"

मी खिडकीकडे बघितलं. तिथे भांडी घासायचा ब्रश वाळत पडला होता. भांडी तर कँटीनमध्ये घासतात. मी ब्रश उचलून उजेडात धरला. त्याच्या दातांत दोन पिवळे केस अडकले होते, आखूड आणि राठ. माणसाचे खास नव्हते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गेटवरून वॉचमनची आरोळी आली. "धरा, धरा! बुश्याच्या तोंडात निळं रबर!"

४

मग काय विचारता! अख्खी कंपनी बुश्याच्या मागे. पुढे श्रद्धा, तिच्या मागे ज्ञानेश सर टाय खांद्यावर टाकून, त्यांच्या मागे वॉचमन, आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत मी. बुश्याला वाटलं, आज सगळे आपल्याशी खेळायला सुट्टी घेऊन आलेत. तो पाण्याच्या टाकीला दोन चकरा मारून भंगाराच्या ढिगावर चढला, तिथून उडी मारून थेट डिस्पॅचच्या खोक्यांत शिरला. सरांचा बूट निघाला. बुश्यानं लगेच वळून त्याचा वास घेतला आणि तिथेच श्रद्धानं त्याच्या गळ्याला मिठी मारली.

"सोड बाळा, सोड ना," ती म्हणत होती. रडत होती की हसत होती, तिचं तिला ठाऊक.

बुश्यानं रबर सोडलं. मी ते लाळेसकट उचललं आणि चष्मा लावून तळ बघितला.

आकडा होता सहा.

कडेला चीर गेलेला जुना सहा नंबर. तो भंगारात होता. शुक्रवारी आपलं खेळणं कपाटात गेल्यापासून बुश्या कावराबावरा होऊन फिरत होता, असं वॉचमन म्हणाला. बिचाऱ्यानं भंगार उकरून मिळेल ते उचललं होतं.

श्रद्धा तिथेच खोक्यावर बसली. "जाऊ दे मावशी. मी परत गिऱ्हाइकांनी पाठवलेली बुशची ड्रॉइंग गिरवीन. तीच जमतात मला."

असा संताप आला मला! पण तिच्यावर नाही. मी घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते.

"सगळ्यांनी जेवायला कँटीनमध्ये या," मी ओरडले. "आणि कुणीतरी तो पांढरा बोर्ड आणा. व्हाय-व्हाय करायचंय."

५

आमच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, व्हाय-व्हाय म्हणजे काय ते. नगात दोष निघाला, की "का?" विचारायचं. उत्तर आलं, की त्यालाही "का?" असं पाच वेळा खणत गेलं, की मूळ सापडतं. आणि माझा एक नियम आहे, तो मी पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय. पाचव्या "का"ला माणसाचं नाव यायचं नाही. नाव आलं तर तुम्ही खणायचं अर्धवट सोडलंत. मुळाशी पद्धत निघाली पाहिजे.

मी खडूसारखा मार्कर धरला आणि बोर्डावर लिहिलं: सात नंबर कपाटात नाही. का?

"चोरानं नेला म्हणून," सर म्हणाले.

"चोरानं नेला नाही. कपाट किल्लीनं उघडलं गेलं आणि किल्लीनंच बंद झालं. एक किल्ली तुमच्याकडे, सर, दुसरी श्रद्धाच्या पर्समध्ये. आणि लेकीच्या पर्समध्ये हात घालायला आईला कुणी विचारत नाही." मी तो ब्रश टेबलावर ठेवला. "केसरबाई, कुत्र्याला अंघोळ घातलीत की खेळण्याला?"

केसरबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांचा बांध फुटला.

"खेळण्याला! शनिवारी! अगं, किती घाण येत होती त्याला! लेकीची एवढी मोठी परीक्षा आणि ती असला ओंगळ गोळा पाव्हण्यांपुढं ठेवणार? मी घासून पुसून लख्ख केला. आज सकाळी ही माझ्या शेजारच्या टेबलावरची पूनम म्हणाली, मॅडमनी न धुता मागितलाय. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरीचं वाटोळं केलं म्हणून मी सकाळपासून..."

"आई!" श्रद्धा उठून तिच्या गळ्यात पडली. "धुतलंस तर धुतलंस. पण ठेवलास कुठे?"

"बॉक्समध्ये घालून माझ्या टेबलावर. म्हटलं, तू आलीस की देईन. कुलूप मी आधीच लावून टाकलं होतं, कपाट उघडं कशाला ठेवू? हात धुऊन आले तर बॉक्स नाही. मला वाटलं, तूच नेलास."

एक गाठ सुटली. मी दुसरा "का" लिहिला: टेबलावर का नाही?

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या शनिवारी दुपारी फाइव्ह-एस होतं. म्हणजे मशिनं बंद ठेवून अख्खी कंपनी आवरायची, जिथली वस्तू तिथं लावायची. मीच उभी राहून आवरून घेतलं होतं. तीनशे-साडेतीनशे वस्तू असतील. हे भंगारात, हे स्टोअरला, हे टूलरूमला. माझा तोंडाचा पट्टा चालू होता आणि पोरं ट्रॉल्या ढकलत होती.

"मग भंगारात गेला असेल," वॉचमन म्हणाला.

"भंगार आत्ता बुश्यानं उकरलं. तिथे असता, तर त्यानं सहा नंबर कशाला उचलला असता?"

"स्टोअर मी सकाळीच पालथं घातलं," सर म्हणाले.

तिसरा "का": नाव लिहिलेला बॉक्स चुकीच्या जागी का जाईल?

आणि इथे माझा हात थांबला. सकाळपासून मी सगळ्यांना खेळण्याबद्दल विचारत होते. खेळणं बघितलं कुणी? खेळणं तर बॉक्समध्ये होतं. लोकांनी बघितला असेल तो बॉक्स.

"श्रद्धा," मी विचारलं, "बॉक्स कसला होता आणि त्यावर तू लिहिलं काय होतंस?"

"बेअरिंगचा रिकामा खोका होता, तात्यांनीच दिलेला. जाड असतो ना तो. आणि त्यावर मी लिहिलं होतं, डॉग, मास्टर."

मी मार्कर खाली ठेवला आणि बाकावर बसले.

६

"काय झालं मावशी?" श्रद्धा घाबरली.

तिला कसं कळावं! ती शिकली डिझाइन. लेथवर लांब दांडा दोन टोकांमध्ये धरून फिरवायचा असेल, तर त्याला एक लोखंडी कडं आवळतात. त्या कड्याला टूलरूममध्ये काय म्हणतात माहितीये? डॉग. आणि ज्या नगावरून बाकीचे मोजायचे, तो मास्टर. "डॉग, मास्टर" असं बेअरिंगच्या खोक्यावर लिहिलेलं दिसलं, तर चाकणच्या कुठल्याही जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुत्रा येणार नाही. लेथच येणार.

तात्यांचा एक डॉग दोन महिन्यांपासून हरवला होता. रोज माझं डोकं खायचे. शनिवारी टेबलावर तो खोका दिसला आणि मी लांबूनच ओरडले, "हा घ्या तात्यांचा डॉग! टूलरूमला टाका!" त्या शेकडो वस्तूंत मी ते विसरूनही गेले.

चोर सापडला होता. चोर मीच होते.

"बाई," समाधान हळूच म्हणाला, "त्या ट्रॉलीत खोका मीच ठेवला. हलका लागला हाताला. लोखंडाचा डॉग असा हलका नसतोय. मला तेव्हाच शंका आली होती. तेच मी सकाळपासून सांगायलो."

"मग शनिवारीच का नाही विचारलंस?"

समाधान जमिनीकडे बघत राहिला. पूनम डब्याचं झाकण लावू लागली. शेवटी केसरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सांगून टाकलं.

"तुम्ही ओरडता, शालनबाई. तुम्हाला उलट विचारायची कुणाची छाती होते? मी ब्रशचं लपवलं, तेसुद्धा तुमच्याच धाकानं."

माझे कान तापले. रागानं नाही हो, लाजेनं. चोवीस वर्षं मी "का" विचारत आले, आणि मला "का" विचारायची सोय मी कुणाला ठेवलीच नव्हती.

पण रडत बसायला वेळ कुठे होता? मी फोन उचलला. या वेळी नीट शब्दांत विचारलं.

"तात्या, शनिवारी तुमच्याकडे डॉग आला का?"

"व्हय, आला की! मगाशी तेच तर सांगत व्हतो. कपाटात ठिवला."

"खोका उघडून बघितलात?"

"न्हाई. सुट्टीचा भोंगा झाला व्हता, घरी जायची घाई व्हती. का वो?"

"तात्या, त्या खोक्यात कुत्रं आहे!"

मग तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "जित्तं हाय का?"

७

सव्वा वाजला होता. टूलरूमची एकुलती एक चावी तात्यांच्या कमरेला, तात्या राजगुरुनगरला, आणि मध्ये चाकणचा चौक. ज्यांनी तो चौक पार केलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

"कुलूप तोडा," सर म्हणाले.

"तात्यांनी स्वतः बसवलंय ते. तुटेपर्यंत संध्याकाळ होईल," समाधान म्हणाला.

तात्यांनी मोटरसायकलला किक मारली. दोन वाजता फोन आला, चौकात अडकलो. अडीचला फोन आला, अजून तिथंच हाय, म्होरं एक कंटेनर आडवा झालाय. श्रद्धा गेटजवळ येरझारा घालत होती आणि तिच्या मागे बुश्या. पावणेतीनला ज्ञानेश सरांचा फोन वाजला. स्वप्नाली मॅडमचा होता. सरांनी ऐकून घेतलं आणि फोन छातीशी धरून म्हणाले, "मॅडम चाकणच्या चौकात अडकल्यात. म्हणे, समोर कंटेनर आहे, अर्धा तास लागेल."

आयुष्यात पहिल्यांदा त्या चौकाचे मी मनापासून आभार मानले. तात्यांची मोटरसायकल होती. तिला फट मिळाली, की ती निघणार. मॅडमची गाडी मोठी, ती निघणार नव्हती.

तीनला पाच कमी असताना तात्या धुळीनं माखलेले आले. कुणाशी बोलले नाहीत. कुलूप उघडलं, कपाट उघडलं, "डॉग" लिहिलेल्या खणातून खोका काढला आणि श्रद्धाच्या हातात दिला. तिनं झाकण उचललं.

निळा शिंगाडा. दातांच्या खुणाच खुणा. तळाशी तारीख आणि सात.

श्रद्धानं तो दोन्ही हातांनी उरापाशी धरला. केसरबाईंनी लेकीचा चेहरा कुरवाळून बोटं कानशिलावर मोडली. तात्या मात्र खोक्यात पुन्हा डोकावून बघत होते. "म्हंजी माजा डॉग अजून गावलाच न्हाई," ते म्हणाले, आणि सगळी कंपनी जी हसत सुटली, ती मॅडमची गाडी गेटातून आत येईपर्यंत.

मॅडमनी शिंगाडा हातात घेतला, फिरवून बघितला, वास घेतला. कपाळाला आठी पडली. "हे धुतलंय कुणी?"

केसरबाई पुढे आल्या. "मी. साबण लावून, ब्रशनं घासून. पोरीची काही चूक नाही, मॅडम."

"आणि हरवलं होतं ते माझ्यामुळे," मी म्हणाले. एकदा खरं बोलायला लागलं, की थांबता येत नाही. सगळंच सांगितलं, अगदी बोर्डावर काय आलं तेसुद्धा.

मॅडम ऐकत राहिल्या. मग हसू दाबत त्यांनी नख रोवून बघितलं, दोन्ही भोकांतून आरपार बघितलं. "घरोघरी आया हेच करणार आहेत, केसरबाई. खेळणं घासून ठेवणार. नव्वद दिवस चावून आणि वर तुमचा ब्रश खाऊनसुद्धा याचा रंग गेला नाही. हे मला माझ्या अटीतून कळलं नसतं."

त्यांनी शिंगाडा अंगणात भिरकावला. तो एकदा उसळला, दुसऱ्यांदा भलतीकडेच उसळला आणि बुश्यानं हवेत झेप घेतली.

"हेच डिझाइन," मॅडम म्हणाल्या. "आता तेवढं त्याच्याकडून परत मिळवून द्या. मास्टर म्हणून ते सीलबंद ठेवायचंय."

परत मिळवायला चाळीस मिनिटं लागली. सरांचा दुसरा बूटही निघाला.

८

पंधरा दिवसांनी खरा साचा प्रेसवर चढला. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. तात्यांनी आपल्या कपाटावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लोखंडी डॉग. चावत न्हाई." आणि मी आमच्या व्हाय-व्हायच्या कागदावर शेवटची ओळ लिहिली. पाचव्या "का"ला माणसाचं नाव यायचं नाही, हा माझाच नियम. म्हणून मी लिहिलं, "उलट विचारण्याची पद्धत नव्हती. आजपासून आहे." खाली सही केली. सही करताना हात थोडा जड झाला, ते खरं.

प्रेस उघडला आणि समाधाननं चौदा मिनिटं शिजलेला पहिला शिंगाडा चिमट्यानं बाहेर काढला. वाफाळता, निळाशार. निवल्यावर केसरबाईंनी तो घेतला. बावीस वर्षं सरसर चालणारं ब्लेड त्यांनी आज अगदी सावकाश फिरवलं. फ्लॅशची झालर अखंड सुटून आली. ती त्यांनी फेकली नाही, गुंडाळून पदराला बांधली. श्रद्धानं ते बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

शिंगाडा माझ्या टेबलावर आला. नख, भोकं, वजन, कडा. पास. कायदा असा, की नव्या पार्टचा पहिला नग सही करून कुलपात ठेवायचा. पहिला नग कुणाला मिळत नाही, मालकाला नाही, कुणाला नाही. मी चिठ्ठीवर सही केली.

"बाई, एक विचारू का?" समाधान म्हणाला.

जिभेच्या टोकावर आलं होतं, "प्रेस बघ." मी ते गिळलं. "विचार."

"हा पण कुलपातच जाणार का?"

"का विचारतोस?"

त्यानं दाराकडे बोट दाखवलं. उंबऱ्याशी बुश्या बसला होता. त्याचा सात नंबर मॅडमच्या सीलखाली कपाटात, सहा नंबर फाटून संपलेला. पंधरा दिवस त्याला कुणी काही दिलं नव्हतं, आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तो शिंगाड्याकडे बघत होता आणि शेपटीनं जमीन झाडत होता.

मी ती चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. पहिला नग: बुश्याकडे. तपासणी चालू आहे.

मग शिंगाडा उचलला आणि जीव खाऊन दाराबाहेर फेकला.